आधी कळतं, पण काय?

प्रश्न : पुतण्या म्हणतो, "काका, एक्सवर खातं उघडा, जगातलं सगळं तिथे आधी कळतं." त्याच्या फोनवर वाचून पाहिलं. अर्ध्या गोष्टी समजल्या नाहीत, उरलेल्या समजून काही उपयोग नव्हता. मी मागे पडलोय की त्यात खरंच काही नाही?
— एक निवृत्त वाचक

उत्तर : पुतण्या खोटं सांगत नाही. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरलं, तेव्हा पंखांवर उभ्या प्रवाशांचा फोटो ट्विटरवर (एक्सचं जुनं नाव) टाकला तो मदतीला निघालेल्या फेरीबोटीतल्या एका माणसाने. या माध्यमाचे वकील अजून हाच दाखला देतात. पण नदीत विमान काही रोज उतरत नाही. एरवी तिथे असतात ती मतं.

आणि ती जागा मतांसाठी बेतलेलीच नव्हती. एसएमएस १६० अक्षरांचा, त्यातली २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी सोडून मजकुराला उरली १४०, तीच ट्विटरची मर्यादा. हे २००६ चं गणित, फोनच्या सोयीने केलेलं. (देवनागरी एसएमएसात तर ७० च मावतात!) २०१७ मध्ये मर्यादा २८० झाली, तरी मंडळी एकाच मुद्द्याचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक घालतात. अहो, मग सरळ लेखच लिहा ना.

'आधी कळतं' म्हणाल, तर २०१८ मध्ये 'सायन्स' या विज्ञान-नियतकालिकात एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की ट्विटरवर खोटी बातमी खरीपेक्षा वेगाने आणि दूरवर जाते, आणि ते यंत्रांमुळे नव्हे, माणसांमुळे.

निदान सूचनाफलक म्हणून तरी? नोव्हेंबर २०२२ मध्ये निळी खूण (खातं खऱ्या माणसाचं वा संस्थेचं असल्याची ओळख) पैसे भरून मिळू लागली आणि लगोलग एली लिली या औषध कंपनीच्या नावाने कुणीतरी जाहीर केलं, इन्सुलिन आता मोफत! खऱ्या कंपनीला खुलासा करून दिलगिरी व्यक्त करावी लागली. इन्सुलिनवर जगणाऱ्याने ते वाचलं असेल, तर त्याला काय वाटलं असेल? सूचना खरी की खोटी हे बघायला कंपनीच्या संकेतस्थळावर जायचंच असेल, तर आधीच तिथे का जाऊ नये?

तरी पुतण्याच्या हट्टापायी खातं उघडलंतच, तर वरचा 'फॉर यू' (एक्सने तुमच्यासाठी निवडलेला मजकूर) सोडा आणि 'फॉलोइंग' उघडा. निदान तुम्ही निवडलेलीच माणसं दिसतील. 'फॉर यू'मध्ये अनोळखी लोकांची भांडणं आयती मिळतात.