जांघेतल्या गाठींच्या ऑपरेशननंतरचं व्हॅक मशीन आणि पावसाळ्यातली लाईट

गुहागरहून तुम्ही विचारलंय की आईंच्या तळपायाच्या मेलानोमासाठी (कातडीच्या कॅन्सरसाठी) मुंबईत जांघेतल्या गाठी काढल्या, टाके उसवले म्हणून जखमेत स्पंज लावून, त्यातलं पाणी नळीने ओढून घेणाऱ्या व्हॅक मशीनसकट घरी पाठवलं, आणि शेजारी म्हणतात जखम उघडी ठेवून वाळू द्या. माझ्या दादाचं अगदी हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

जखम वाळवू नका. गाठी काढल्या की लसिकेच्या (अंगातल्या पाण्यासारख्या द्रवाच्या) वाटा तुटतात, ते पाणी जांघेत साठतं आणि त्याच्या दाबाने कातडीच्या कडा सुटतात. शिवाय जांघ म्हणजे घामाची, घडीची जागा. मशीन ते पाणी ओढून डब्यात घेतं, सूज उतरवतं, कडा जवळ आणतं. ओढ साधारण १२५ मिलिमीटर पाऱ्याइतकी असते. तुमच्या मशीनवर डॉक्टरांनी लावलेला आकडा आपण बदलायचा नाही. मात्र मशीन लावलं म्हणून पाणी येणं थांबत नाही. दादाचा डबा पहिले कितीतरी दिवस भरत होता आणि आम्ही उगीच धास्तावलो होतो.

आता लाईटचं. जुलैत वादळाने आमची लाईट रात्री गेली, बॅटरी पहाटे संपली. मशीन बंद पडलं तर काय करायचं, हे हॉस्पिटलात कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सकाळपर्यंत थांबलो, तोवर स्पंजला वास सुटला होता. ओढ नसलेला स्पंज म्हणजे जखमेवर ठेवलेलं ओलं झाकण, त्यात जंतू वाढतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ मशीन बंद राहिलं तर स्पंज काढून साधं ओलं गॉज ड्रेसिंग करायचं असतं. म्हणून हे काम कोण करेल, ते आजच तालुक्याच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. जखमेत स्पंजचे किती तुकडे घातलेत तो आकडा ड्रेसिंगवर लिहून घ्या. काढताना तेवढेच निघायला हवेत, एकही आत राहता कामा नये. बॅटरी रोज भरून ठेवा, इन्व्हर्टर असेल तर मशीन त्यावरच.

हवा गळते ती बहुतेक वेळा वरच्या पारदर्शक पट्टीतून. आमच्याकडे उकिडवं बसल्यावर सुटायची, म्हणून आम्ही संडासात कमोडची खुर्ची आणली. मांडी घालून जेवायला बसणंही काही दिवस बंद केलं. आजूबाजूला खोबरेल लावू नका, तेलावर पट्टी धरत नाही. अलार्म वाजला की आधी नळी दुमडली आहे का, डबा भरलाय का ते बघा.

स्पंज सहसा ४८ ते ७२ तासांनी बदलतात. ते दुखतं, फार दुखतं. डॉक्टरांना विचारून आधी अर्धा तास वेदनेची गोळी द्या आणि चिकटला असेल तर सलाईनने भिजवून काढायला सांगा.

नळीत अचानक लालभडक रक्त दिसलं तर मशीन बंद करा, स्पंज ओढून काढू नका, वरून घट्ट दाबून धरा आणि थेट हॉस्पिटल गाठा. जांघेत मोठी रक्तवाहिनी असते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे डॉक्टरांना आजच सांगा. ताप, थंडी, पू, किंवा आजूबाजूची कातडी लाल होऊन गरम लागणं, यातलं काही दिसलं तरी वाट बघत बसू नका.

मासे खाल्ले की पू होतो असं आमच्याकडेही ऐकवलं गेलं. दादाला डॉक्टरांनी उलट प्रथिनं वाढवायला सांगितली, मग बांगडा, अंडी, कुळथाची पिठी सगळं चालू केलं. मधुमेह असेल तर साखरेवर मात्र कडक लक्ष हवं.

काही ठिकाणी टाके शाबूत असतानाच वरून छोटं बॅटरीवरचं मशीन लावतात, ते साधारण आठवडाभर ठेवतात. तुमचं वर्णन वाचून ते तसलं वाटत नाही, पण नक्की विचारून घ्या. त्याचे नियम वेगळे असतात. खर्चाचं म्हणाल, तर महात्मा फुले योजनेत ऑपरेशन झालं असेल तर मशीनचं भाडं त्यात बसतं का, ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा. आम्ही विचारायला उशीर केला आणि भाडं खिशातून गेलं.

आईंच्या डब्यात आता दिवसाला किती पाणी येतंय आणि रंग कसा आहे, ते वहीत लिहायला लागा. पुढच्या तपासणीला सर्जन तेच पहिलं विचारतील.