जंतू, जंत, जिवाणू, विषाणू: कोणता शब्द कुठे?

विचारणा अशी आहे. कोल्हापुरात पूर ओसरल्यावर एका तालमीच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'पाण्यात काविळीचे जिवाणू आहेत, पाणी निर्जंतुक करून प्यावे.' त्यावरून तीन प्रश्न आलेत. जंतू, जिवाणू आणि विषाणू एकच का? 'निर्जंतुक' हा शब्द इथे चालतो का? आणि जिवाणू लिहायचं की जीवाणू?

फळ्यावरचा सल्ला उपयोगाचा आहे, पण 'काविळीचे जिवाणू' चुकलं. दूषित पाण्यातून साथीची जी कावीळ पसरते ती हेपॅटायटिस ए किंवा ई यांच्यामुळे, आणि हे दोन्ही विषाणू आहेत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, ती हेपॅटायटिस ईची. चूक कुठून झाली असेल तेही कळतं. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत विषाणू शोधतच नाहीत, कोलिफॉर्म नावाचे जिवाणू शोधतात. त्यातले बरेचसे माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातले. ते पाण्यात सापडले तर मैला मिसळल्याची दाट शंका घ्यायची, आणि त्याच वाटेने काविळीचा विषाणूही आला असेल असं धरून चालायचं. ग्रामपंचायतीत याच तपासणीसाठी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची बाटली वापरतात. तिच्यातलं पाणी २४ ते ४८ तासांत काळं पडलं की ते पिण्यालायक नाही. म्हणजे सापडतात जिवाणू आणि भीती असते विषाणूची. फळ्यावर दोन्हींची गल्लत झाली.

जंतू हा मोठा, सैल शब्द आहे. संस्कृतात त्याचा अर्थ कोणताही जन्मलेला जीव. मराठीत तो आजार आणणाऱ्या सूक्ष्म जिवांपुरता राहिला, आणि नेमकं कोण हे ठाऊक नसेल किंवा सांगायची गरज नसेल तेव्हा तोच बरा. 'जखमेत जंतू जातील, धुऊन घे' या वाक्यात काही चूक नाही. त्याचाच भाऊ 'जंत' मात्र वेगळा. पोटात जंत होतात ते डोळ्यांना दिसणारे कृमी, वीतभर लांबीचेसुद्धा. शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी म्हणजे अल्बेंडाझोल. दोन वर्षांपुढच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची पूर्ण, एक ते दोन वर्षांच्या बाळाला निम्मी. ती कृमींना मारते. जुलाबाच्या किंवा काविळीच्या जंतूंवर तिचा काडीचा उपयोग नाही. 'जंत' आणि 'जंतू' यांत एका उकाराचा फरक आहे, तो जपावा.

जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. एकच पेशी, पण संसार पूर्ण: स्वतःची भिंत, स्वतःचं प्रथिन बनवायचं यंत्र, स्वतःचं खाणंपिणं. लांबी साधारण १ ते ५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा थोडा जास्त. चांगल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसतो. अन्न, ओल आणि ऊब मिळाली की दोनाचे चार होत जातात. ई. कोलायसारखा जिवाणू मनासारख्या परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतो. हिशोब करा: आठ तासांत २४ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे १ कोटी ६७ लाखांवर.

इथे कोल्हापूरच्या जिभेवरचा एक शब्द घेतला पाहिजे, धारोष्ण. म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन उभ्या उभ्या दूध पिणं ही कोल्हापुरातल्या गंगावेशीची ओळख. पण धारोष्णातलं 'उष्ण' म्हणजे म्हशीच्या अंगाइतकं, ३८ अंशांच्या आसपास. एवढ्या उबेत जिवाणू मरत नाहीत, त्यांना ती मानवते. ज्या ब्रुसेला जिवाणूमुळे जनावरं गाभ टाकतात, तोच कच्च्या दुधातून माणसात येतो आणि चढता-उतरता ताप आठवडेच्या आठवडे पाठ सोडत नाही. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात, त्यात तो मरतो. घरी एक चांगली उकळी पुरते. शब्द गोड आहे म्हणून दूध निर्धोक ठरत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

विषाणू म्हणजे व्हायरस, आणि तो पेशीच नाही. आनुवंशिक मजकुराचा एक धागा आणि भोवती प्रथिनाचं आवरण, काहींना वरून चरबीचा पापुद्रा. बहुतेक विषाणू २० ते ३०० नॅनोमीटरचे (मायक्रोमीटरचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर), साध्या सूक्ष्मदर्शकाच्या टप्प्याबाहेरचे. त्याला पेशीत शिरावंच लागतं, बाहेर तो वाढत नाही. यातून रोजच्या उपयोगाची गोष्ट निघते. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जिवाणू कोटींनी वाढतील, पण काविळीचे विषाणू जेवढे पडले तेवढेच राहतील. आजाराला मात्र तेवढे पुरू शकतात.

औषधही इथेच वेगळं होतं. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही, दुसरी काही प्रतिजैविकं (अँटिबायोटिक) त्याचं प्रथिन-यंत्र अडवतात. विषाणूला भिंतही नाही आणि यंत्रही नाही, मग औषध धरणार कशाला? सर्दीला, फ्लूला, काविळीला प्रतिजैविक लागू पडत नाही ते यामुळे. डेंग्यू विषाणूचा, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) जिवाणूचा. पुरानंतर दोन्ही तापच असतात, पण डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालतं ते फक्त लेप्टोवर. हिवताप तर दोन्हींत बसत नाही. त्याचा परजीवी आदिजीव (प्रोटोझोआ), तिसऱ्याच घराण्यातला.

आता 'विषाणू'मधल्या विषाकडे येतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ तिथे आहे. लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष, त्यावरून आपला शब्द झाला. 'व्हायरस' हे नाव ठेवलं गेलं तेव्हा विषाणू कोणी पाहिलेला नव्हता. १८९८ मध्ये डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी गाळलेला रस रोग पसरवत राहिला. त्या न दिसणाऱ्या कारणाला त्यांनी हे नाव दिलं. प्रत्यक्षात विष ही खासियत जिवाणूंची. विषाणू बहुतेक वेळा पेशी वापरून, मोडून नुकसान करतो. काविळीत तर यकृताच्या बिघाडाचा मोठा वाटा आपल्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याचा असतो.

जिवाणूंची विषं पाहा. पटकीच्या (कॉलऱ्याच्या) जिवाणूचं विष आतड्याच्या अस्तरातून क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावतं, म्हणून तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि माणूस काही तासांत सुकतो. तिथे पहिला उपाय ओआरएस: मोठी पुडी एक लिटर पाण्यात, कमी नाही, जास्त नाही. धनुर्वाताचा जिवाणू मातीत आणि शेणात बीजाणू (टणक कवचातलं झोपलेलं रूप) होऊन पडलेला असतो. खोल जखमेत, हवा नसलेल्या जागी तो जागा होतो आणि त्याचं विष मज्जातंतूंतून वर चढतं. दोष खिळ्याच्या गंजाचा नसतो, त्याला लागलेल्या मातीचा असतो. लस टोचतात तीही त्या विषाविरुद्धची. बाहेर राहिलेल्या खव्यात किंवा बासुंदीत स्टॅफिलोकोकस वाढला तर त्याचं विष पुन्हा उकळूनही जात नाही. जिवाणू मरतात, विष राहतं, आणि खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. अशा वेळी बातमीत येणारा 'विषबाधा' हा शब्द शब्दशः खरा असतो.

घटसर्प हा शब्द तर खास लक्ष देण्यासारखा. लहान मुलांचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. गोठ्यातला घटसर्प वेगळा, पाश्चुरेलाचा. नाव एक, कारण घसा दोन्हीकडे सुजतो. दोन्ही जिवाणूच, पण एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. आणि डिप्थेरियाचा जिवाणू जात्या विषारी नसतो. त्याला एका विशिष्ट विषाणूने गाठलं आणि विषाचं जनुक त्याच्यात घातलं, तरच तो घशात विष बनवतो. हे १९५१ मध्ये उघड झालं. कृती विषाणूची, विष जिवाणूचं.

'लागण' या शब्दाबद्दलही थोडं, कारण आपल्याकडे लागण म्हटलं की आधी ऊस आठवतो. रोगाची लागण म्हणजे अजून आजार नव्हे, बेणं सरीत गेलं म्हणजे लगेच कोंब दिसत नाहीत तसंच. पटकीत काही तासांपासून पाच दिवस, डेंग्यूत ४ ते १० दिवस, हेपॅटायटिस ईत दोन ते आठ आठवडे जातात. म्हणून पाणी सुधारल्यावरही दीड-दोन महिने काविळीचे रुग्ण निघत राहतात. क्षयात तर लागण झालेल्यांपैकी बहुतेक जण कधीच आजारी पडत नाहीत. 'लागण झालेले' आणि 'आजारी' हे आकडे एकमेकांच्या जागी लिहू नयेत.

निर्जंतुक म्हणजे काटेकोर अर्थाने एकही जंतू नसलेलं, बीजाणूसुद्धा. त्याला १२१ अंशांची दाबाखालची वाफ १५-२० मिनिटं लागते, शस्त्रक्रियेच्या हत्यारांना देतात तशी. उकळून किंवा टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकून पाणी तेवढं होत नाही, आणि पिण्यासाठी तेवढं लागतही नाही. टीसीएल टाकल्यावर अर्धा तास थांबायचं आणि नळाला निदान ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन उरलंय का पाहायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, म्हणून आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचं. फळ्यावर एवढं लिहिलं तरी भागेल: 'पाण्यात मैला मिसळल्याची शंका आहे. काविळीच्या विषाणूचा धोका आहे. खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळून, झाकून गार करून प्यावे. गरोदर बायांनी विशेष जपावे.' शेवटचं वाक्य गाळू नका. हेपॅटायटिस ई गरोदरपणात, शेवटच्या महिन्यांत तर फारच, जिवावर बेततो.

राहिलं शुद्धलेखन. जीव अधिक अणू असा समास धरला तर जीवाणू. उच्चार ऱ्हस्वाकडे जातो म्हणून जिवाणू. दोन्ही छापलेले दिसतात, एका मजकुरात एकच ठेवावा. शेवटचा णू आणि तू सुटा असताना दीर्घ: जंतू, विषाणूंचा. समासात आधी आला की ऱ्हस्व: जंतुनाशक, विषाणुजन्य, जिवाणुसंसर्ग.