टेक्निकल ट्रेलवरची एमटीबी (माउंटन बाइक) राइड शूट करायला ३० हजारांत कोणता ॲक्शन कॅमेरा घ्यावा?

कोणताही घ्या हो. २०१८ला गोप्रो हिरो ७ ब्लॅकमध्ये हायपरस्मूथ, म्हणजे दणके काढून चित्र स्थिर ठेवणारं स्टॅबिलायझेशन, आलं, त्यानंतरचा बऱ्या कंपनीचा कुठलाही चालेल. खरा प्रश्न कॅमेरा लावायचा कुठे हा आहे, आणि त्यावरून आमच्या ग्रुपमध्ये अजून वाजतं.

पुण्यात वेताळ टेकडीवरून उतरणारी एक वाट आहे. पावसाळ्यानंतर मुरूम वाहून जातो, मध्ये गुडघ्याएवढी कातळाची पायरी उघडी पडते आणि ती उतरतोय तोच डावीकडे वळण, त्यावर सुटी खडी. सीट पार खाली, बूड मागच्या चाकावर, पुढच्या ब्रेकला एकच बोट. आमच्यातला एक स्वयंघोषित डायरेक्टर हटूनच बसला: कॅमेरा हेल्मेटवर, स्टॅबिलायझेशन फुल, होरायझन लॉक (कॅमेरा कलला तरी क्षितिज आडवंच ठेवणारी सोय), वरून गाणं. घरी टीव्हीवर लावलं. मेव्हणा पोहे खाता खाता म्हणाला, "दाजी, यापेक्षा आमच्या पार्किंगचा रॅम्प उभा आहे."

त्याचं काही चुकलं नव्हतं. हेल्मेटवरचा कॅमेरा उताराच्याच दिशेनं बघतो, त्यामुळे उतार सपाट होतो. वाइड लेन्स पायरीला लांब आणि बुटकी करते. उरलेले दणके स्टॅबिलायझेशन गिळून टाकतं.

पुढच्या राइडला मी तोच कॅमेरा छातीवर बांधला. सरळ उभं राहिल्यावर आभाळ दिसेल इतका वर कलवून, कारण कोपरं वाकवली की छाती जमिनीकडे झुकते आणि नुसतं पुढचं टायर शूट होतं. आता हँडलबार, पांढरी पडलेली बोटं, पायरीवर दबणारा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन), सगळं आलं. गाणं काढून टाकलं. खडीवर टायर सरकल्याचा आवाज ऐकल्याशिवाय घसरण कळत नाही. शिवाय एकाला फोन देऊन पायरीच्या बाजूला बसवलं, फोन गुडघ्याच्या उंचीवर, फ्रेममध्ये गिरिपुष्पाचं एखादं सरळ खोड. उभं काहीतरी शेजारी असलं की तिरपं डोळ्यात भरतं. मेव्हण्यानं या वेळी "विमा आहे ना?" एवढंच विचारलं. डायरेक्टरच्या मते फोनवर काढलेलं ते फुटेजच नव्हे. म्हणू दे.

त्याचाच दुसरा मंत्र: ३० एफपीएसला (सेकंदाला ३० फ्रेम) शटर १/६० सेकंद, म्हणून एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी लेन्सवरची काळपट काच) घ्या. गुळगुळीत वाटेवर ठीक. दगडांवर स्टॅबिलायझेशन चालू असताना फ्रेम स्थिर राहते, पण आतलं चित्र फरफटतं. शटर ऑटोवर सोडा. गर्द सावलीत ऑटोसुद्धा शटर मंद करतो, तिथे आयएसओची (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) कमाल मर्यादा थोडी वाढवा. ग्रेन (चित्रातले दाणे) चालतो, फरफट नाही. स्टॅबिलायझेशन पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, कमी करा. होरायझन लॉक मात्र बंदच.

छातीवरही भानगडी आहेतच. हायड्रेशन बॅगचे पट्टे अडकतात, आणि तोंडावर पडलात तर कॅमेरा बरगडीत घुसतो. फुल-फेस हेल्मेट असेल तर हनुवटीवर लावा, तो बरा मधला मार्ग. आणि सकाळी टेकडीवर चालायला आलेले आजी-आजोबा असताना टेक वगैरे घेत बसू नका, गुपचूप सायकलवरून उतरा.

३० हजार सगळे कॅमेऱ्यात घालू नका. एक जादा बॅटरी आणि व्ही३० कार्ड (व्हिडिओसाठी पुरेसं वेगवान मेमरी कार्ड) त्यातच बसवा. ड्रोनसाठी कुणी वर्गणी मागायला आला, तर तो आमचाच डायरेक्टर असण्याची शक्यता आहे.