उशीतून ऐकू येणारे ठोके

*ताई, मी 20 वर्षांची, ठाण्यात वर्तकनगरला राहते. दीड वर्षाची असताना माझं टेट्रालॉजी ऑफ फॅलोचं, म्हणजे हृदयातल्या जन्मजात चार दोषांचं, ऑपरेशन झालं. आता परीक्षा जवळ आली की रात्री धडधडायला लागतं. गेल्याच महिन्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि होल्टर (दिवसभर ठोक्यांची नोंद करणारं यंत्र) झालं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, रिलॅक्स हो. म्हणजे नेमकं काय करू? आई रात्री दोनदा उठून माझ्या छातीवर हात ठेवून बघते.*

बाळा, आधी एक सांग, तू डाव्या कुशीवर झोपतेस का? त्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला जास्त टेकतं आणि ठोके अधिक जाणवतात. हे कुणालाही होतं. पण ‘हिला जपा’ हे ऐकतच तू मोठी झालीस, म्हणून तू प्रत्येक ठोका पहाऱ्यावर बसल्यासारखी मोजतेस. घाबरलं की ठोके वाढतात, ते वाढले की आणखी भीती वाटते. तुझी धडधड खरी आहे, मनाचे खेळ म्हणून ती कुणी उडवून लावू नये.

शिथिलीकरणाने, म्हणजे शरीर मुद्दाम सैल सोडण्याने, हृदयाची झडप दुरुस्त होत नाही, पण हे चक्र सैल पडतं. आज उजव्या कुशीवर किंवा पाठीवर झोप. उजव्या हाताची मूठ हलकेच आवळ, 5 सेकंद, आणि सोड. सोडल्यावर तळव्यात जी ऊब आणि जडपणा येतो, तिथे थोडं थांब. सगळं मर्म त्या सोडण्यात आहे. मग दुसरा हात, खांदे, कपाळ, पोटऱ्या. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी ही रीत 1920 च्या दशकात मांडली. आवळताना श्वास मात्र कोंडायचा नाही. शेवटी 4 आकडे मोजत श्वास घे, 6 मोजत सोड. श्वास सोडताना ठोके आपसूक मंदावतात. पहिले काही दिवस काहीच होत नाही असं वाटेल. तरी रोज 10 मिनिटं कर, आणि धडधड नसतानाही कर, म्हणजे परीक्षेच्या रात्री शरीराला वाट माहीत असेल.

कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरायचा कुंभक हे मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको, योगवर्गातले सगळे करत असले तरीही.

आणि चक्कर येऊन शुद्ध हरपली, चालता-धावताना छातीत दुखलं, दम लागला, किंवा अचानक सुरू झालेली धडधड थांबेचना, तर श्वास मोजत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ. असं ऑपरेशन झालेल्यांच्या पल्मनरी, म्हणजे हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या, झडपेतून पुढे रक्त मागे गळू शकतं, म्हणून ठरलेली तपासणी कधीच चुकवायची नाही. भीतीने झोपच उडाली तर टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या हेल्पलाइनचा, 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आता आई. तिच्यावर चिडू नकोस गं. तुला आत नेलं त्या दिवशी ती ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसली, ती अजून तिथून उठलेलीच नाही. संध्याकाळी तिला तलावपाळीच्या तळ्याकाठी घेऊन जा, एक फेरी मारा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिला पुन्हा नीट सांग. रात्री ती उठून आली तर तिचा हात बाजूला सारू नकोस. तिला शेजारी झोपव आणि म्हण, ‘आई, मूठ आवळ. आता सोड.’