प्लिटचं उत्तर २५ मायक्रॉन, प्लांटचं ४०: आधी ओव्हरफ्लोचा नमुना बघा

गोव्यातल्या लोहखनिजाच्या वॉशिंग प्लांटवरचा सायक्लोन, म्हणजे पाण्यातला माल गरगर फिरवून जाड कण खालून (अंडरफ्लो) आणि बारीक वरून (ओव्हरफ्लो) वेगळे काढणारा शंकू. सायक्लोनच्या मापांवरून अंदाज देणाऱ्या प्लिटच्या समीकरणाने तुमचा डी-फिफ्टी (ज्या आकाराचे निम्मे कण खाली जातात तो आकार) येतो २५ मायक्रॉन, नमुन्यांवरून ४०, आणि कोणत्या आकाराचे किती टक्के कण खाली गेले ते दाखवणारा वक्र ९० टक्क्यांच्या वर चढायलाच तयार नाही. म्हणून आता सीएफडी (प्रवाहाचं संगणकावरचं गणित) करू का, असं विचारताय. जरा थांबा. हुबेहूब असला वक्र आमच्याकडे आला होता.

वेगळा न होताच पाण्याबरोबर अंडरफ्लोला जाणारा माल (बायपास) तुम्ही वजा केला असेलच. समीकरणात घनांचं प्रमाणही घनफळाच्या टक्क्यांत घातलेलं दिसतंय. वजनाचे ३० टक्के म्हणजे ४ घनतेच्या मालाला घनफळाचे जेमतेम १०. तिथे चुकून ३० घातले असते, तर उत्तर साडेतीनपट फुगलं असतं. स्पिगॉटखाली, म्हणजे सायक्लोनच्या खालच्या तोंडाशी, माल छत्रीसारखा पसरतो की दोरीसारखा पडतो, एवढं मात्र जाऊन बघा. दोरी पडत असेल तर जाड माल खरोखरच ओव्हरफ्लोला जातोय, आणि माझं पुढचं वाचू नका.

छत्री असेल, तर माझा संशय लॅबवर आहे. आमचे नमुने बाहेरच्या लॅबकडे जायचे. त्यांनी ओव्हरफ्लो ओव्हनमध्ये वाळवला, गाठी हाताने मोडल्या आणि कोरडाच चाळला. चिकणमाती ती! वाळली की गाठी धरते, आणि गाठी ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर जाड कण म्हणून बसून राहतात. कागदावर जाड माल ओव्हरफ्लोला, वक्र आडवा, डी-फिफ्टी वर. पद्धत विचारली की एकच उत्तर: "स्टँडर्ड मेथड." लेखी मागितली तर म्हणे तुमच्या मॅनेजरचं पत्र आणा. पत्र दिलं, तरी पावसाळा लागून प्लांट बंद होईपर्यंत उत्तर नाही. रिपोर्टवर मात्र दोन दशांशांपर्यंत आकडे आणि गोल शिक्का! तेवढ्या भरवशावर वरच्यांनी लहान व्होर्टेक्स फाइंडर (ओव्हरफ्लोची नळी) बसवायला लावला. दाब वाढला, पाण्याबरोबर चिकणमाती अंडरफ्लोत आली, धुतलेल्या मालातलं (कॉन्सन्ट्रेट) चिकणमातीचं अॅल्युमिना चढलं.

तपासणी फुकटात होते. ओव्हरफ्लोच्या चाळणीवर राहिलेला चिमूटभर माल पाण्यात टाका आणि बोटांत चोळा. खरा कण खरखरतो. गाठ विरघळून पाणी लाल होतं. तसं झालं तर नमुने नव्याने काढा: न वाळवता, गाठी सोडवणारं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून, ४५ मायक्रॉनवर आधी ओलंच चाळायचं आणि वर उरलेलं मग वाळवायचं.

थोडा आडवेपणा त्यानंतरही राहील, आणि तो खरा असतो. हेमॅटाइट या लोहखनिजाची घनता ५.२, चिकणमातीची २.६ च्या आसपास. प्रत्येकाच्या आणि पाण्याच्या घनतेतल्या फरकाचं वर्गमूळ धरलं तर दोघांच्या डी-फिफ्टीत १.६ पटीचा फरक पडतो. एकच सरासरी घनता घालून एकच वक्र बसवण्याचा हट्ट मला तरी पटत नाही.

सीएफडीचं म्हणाल तर मी प्लांटवरचा माणूस, त्यातला तज्ज्ञ नव्हे. पण एअर कोअर (मधला हवेचा खांब) असलेल्या घुमत्या प्रवाहाला साधं के-एप्सिलॉन हे खळबळीचं मॉडेल चालत नाही, आणि पुढचं काही वापरलंत तरी ते ताडून बघायला हेच नमुने लागणार.

आणि हो, स्पिगॉटचा व्यास ड्रॉइंगवरून घेऊ नका. शटडाउनला कॅलिपर लावा. झिजून २५ चा ३० मिलिमीटर झाला असेल, तर प्लिटचं उत्तर बारा टक्क्यांनी खाली येतं.