नाशिकमध्ये सेल्फ ड्राइव्ह गाडी घ्यावी का? आणि पांढऱ्या प्लेटची स्वस्तात मिळत असेल तर?

घ्या. पण चारही दिवस घेऊ नका, आणि त्या पांढऱ्या प्लेटवाल्याची तर अजिबातच नको.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात आई-बाबांना घेऊन चौघं नागपूरहून रेल्वेने येताय. पंचवटी, त्र्यंबकेश्वर, वणीची सप्तशृंगी, भंडारदरा आणि शिर्डी चार दिवसांत करायचंय. एक जण पांढऱ्या प्लेटची एर्टिगा स्वस्तात देतोय, काळ्या प्लेटवाला बराच जास्त सांगतोय. शिवाय काळ्या प्लेटला वेगळं लायसन्स लागतं असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय.

मी नाशिकमध्ये गाड्यांच्या विम्याच्या क्लेमचे सर्व्हे करतो. गाडी ठोकली की गॅरेजमध्ये जायचं, काय फुटलं, कसं फुटलं, कोण चालवत होतं ते बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. त्यामुळे उत्तर त्या बाजूला झुकणार, ते समजून घ्या.

लायसन्सचं आधी उरकतो. वेगळं काही लागत नाही. तुमचं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ७,५०० किलोपर्यंतच्या व्यावसायिक गाडीलाही एलएमव्ही पुरेसं आहे हे पक्कं केलं. एर्टिगा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. लायसन्स डिजिलॉकरमध्ये असलं तरी पोलिसांना दाखवायला चालतं. गाडी देणारा मात्र प्लास्टिकचं कार्ड बघायला मागतो, ते सोबत ठेवा.

आता प्लेट. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीला काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतात. ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या टॅक्सीला पिवळ्या प्लेटवर काळी. पांढरी प्लेट म्हणजे प्रायव्हेट पासिंग, मालकाने घरच्या वापरासाठी घेतलेली गाडी. काळ्या प्लेटचा धंदा १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली चालतो आणि त्याच्या लायसन्ससाठी पदरी किमान ५० गाड्या लागतात. एवढ्या गाड्या बाळगणारे थोडेच. म्हणून बाकीचे सगळे पांढऱ्या प्लेटवर भागवतात. एक गाडी स्वतःच्या नावावर, एक बायकोच्या, एक मेव्हण्याच्या, आणि व्हॉट्सॲपवर बुकिंग.

स्वस्त पडते ती याच कारणाने. परमिट नाही, धंद्याचा टॅक्स नाही आणि धंद्याचा विमाही नाही. पहिल्या दोन गोष्टी मालकाच्या डोक्याला ताप आहेत. विनापरमिट भाडं करताना पकडला गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड. तिसरी गोष्ट मात्र तुमच्या अंगावर येते. प्रायव्हेट गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात, आणि मोबदला घेऊन गाडी भाड्याने देणं त्यात बसत नाही. मग पॉलिसी फुल असो, झिरो डेप (घसारा न कापणारी) असो, काही उपयोग नाही.

गाडी देताना तो माणूस एक वाक्य हमखास सांगेल: "कुणी विचारलं तर मित्राची गाडी आहे म्हणा." हे वाक्य मी गॅरेजमध्ये अनेकदा ऐकलंय. एक प्रकरण सांगतो. सप्तशृंगीच्या घाटात बाहेरगावच्या एका कुटुंबाची गाडी वळणावर कठड्याला घासत गेली. डावी दोन्ही दारं, फेंडर, आरसा, पुढचं चाक. माणसं सगळी सुखरूप. चालवणारा सभ्य माणूस, बँकेत नोकरीला. क्लेम फॉर्ममध्ये चालकाचं मालकाशी नातं काय असा रकाना असतो, तिथे त्याने "मित्र" लिहिलेलं. मी विचारलं, मित्र कुठे राहतो? म्हणाला, नाशिकला. नाशिकला कुठे, तर गप्प. मालकाचं नाव काय, तर व्हॉट्सॲपवरचं नाव सांगितलं, आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव होतं एका बाईंचं. शेवटी त्यानेच मोबाइल काढून भाड्याचं पेमेंट दाखवलं. क्लेम नामंजूर झाला. पुढे मालकाने दुरुस्तीचा सगळा खर्च त्याच्याकडून घेतलाच, वर गाडी गॅरेजमध्ये जितके दिवस उभी राहिली तितक्या दिवसांचं भाडंही मागितलं. यात समोरचा कुणी जखमी असता तर प्रकरण अपघाताच्या भरपाईच्या ट्रिब्युनलमध्ये जातं. तिथे जखमीला पैसे द्यायला कोर्ट विमा कंपनीला लावू शकतं आणि कंपनी ते नंतर मालकाकडून वसूल करते. मालक ते कुणाकडे ढकलायला बघेल हे सांगायला नको.

काळ्या प्लेटवाल्यालाही डोळे मिटून हो म्हणू नका. त्याला दोन गोष्टी लेखी विचारा. एक, माझ्या हातून ठोकली तर माझ्याकडून जास्तीत जास्त किती घेणार? काहीएक ठरावीक रक्कम असते, ती करारात आकड्यात हवी. "बघू, होईल ते" हे उत्तर नाही. दोन, चालवणार कोण कोण? ज्याचं नाव करारात, त्यानेच चालवायची. भंडारदऱ्याहून येताना तुम्ही दमलात म्हणून तुमच्या भावाने स्टिअरिंग घेतलं आणि त्याचं नाव कागदावर नसलं, तर तुम्ही पुन्हा त्या बँकवाल्याच्या रांगेत. दोघांची लायसन्स आधीच देऊन ठेवा.

बाकी किलोमीटरची मर्यादा, डिझेल-पेट्रोल जितकं तितकं परत, फास्टॅगमध्ये बॅलन्स कोणाचा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ई-चलनाचं मात्र लक्षात ठेवा. ते मालकाच्या नावावर पडतं, कधी कधी उशिरा दिसतं, आणि डिपॉझिट तेवढ्यासाठी अडकवून ठेवतात. गाडी घेतानाच नंबर टाकून जुनी चलनं बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचा सिग्नल तुमच्या खात्यात येणार नाही.

गाडी बहुतेक नाशिकरोड स्टेशनबाहेर हातात मिळेल. आणून देणारा पोरगा घाईत असतो, त्याला पुढची डिलिव्हरी असते. तुम्ही घाई करू नका. त्याला चहा पाजायला बाबांना पाठवा आणि गाडीभोवती सावकाश फिरत व्हिडिओ घ्या. दारांवरचे ओरखडे सगळेच बघतात. भांडण होतं ते खाली वाकल्याशिवाय न दिसणाऱ्या जागेवरून: पुढच्या बंपरची खालची कड, दाराखालची पट्टी, चाकांच्या रिमची कडा. काचेवर खड्याचा बारीक टिपका असेल तर बोट ठेवून व्हिडिओत दाखवा, कारण थंडीत तो टिपका एका रात्रीत हातभर तडा होतो. डिकी उघडून स्टेपनी दाबून बघा, जॅक आणि पाना आहेत का बघा. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. असं म्हातारं टायर असेल तर दुसरी गाडी मागा, विशेषतः समृद्धी महामार्गावर जायचा विचार असेल तर. शेवटी मीटर चालू करून किलोमीटर आणि इंधनाचा काटा एकाच फ्रेममध्ये घ्या आणि तो व्हिडिओ तिथल्या तिथे मालकाला पाठवा.

आता फिरण्याचं. नाशिक शहरात गाडी म्हणजे नसता व्याप. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा हे सगळं पंचवटीत चालण्याच्या अंतरावर आहे आणि तिथे पार्किंगसाठी जितका वेळ जाईल तितक्यात दर्शन होतं. रविवार कारंजा, मेनरोड, सराफ बाजार या भागात मॅप तुम्हाला बोळातून काढायला बघेल. त्याचं ऐकू नका. द्वारका चौकात आम्ही नाशिककरसुद्धा देवाचं नाव घेऊन शिरतो. हायवेचा उड्डाणपूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड यांत मॅपला फरक कळत नाही, तेव्हा वर जायचं की खालून हे बोर्ड वाचून ठरवा. त्यात सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात स्नानाच्या पर्वण्या, त्यामुळे आज मोकळा दिसलेला रस्ता उद्या खणलेला असू शकतो.

म्हणून पहिल्या दिवशी गाडी घेऊच नका. रिक्षाने पंचवटी करा. त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटरवर आहे, एसटी भरपूर आहेत, आई-बाबांना बसमध्ये त्रास होत असेल तर टॅक्सी करा. तिथे वेळ रांगेत जातो, गाडी बिचारी दिवसभर उन्हात उभी. वाटेत अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, बाबांना इतिहासाची आवड असेल तर थांबा.

दुसरा आणि तिसरा दिवस गाडीचे. दुसऱ्या दिवशी दिंडोरीमार्गे वणी. रस्त्याला दोन्ही बाजूंनी द्राक्षबागा, डिसेंबरात घड भरायला लागलेले असतात. नांदुरीपासून गडावर जाणारा दहाएक किलोमीटरचा घाट आहे. तुम्ही नागपूरचे, म्हणजे घाटाची सवय बेताचीच असणार, रागावू नका. चढताना कोणीही चढतो. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या उतरताना ठोकलेल्या असतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली येईपर्यंत ब्रेक तापून पाय आत जायला लागतो. ऑटोमॅटिक घेतलीत तर मॅन्युअल मोड कसा लागतो ते घाटात नाही, स्टेशनवरच विचारून घ्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, आणि समोरून एसटी आली तर नियम बाजूला ठेवून थांबा. वर मंदिराला पायऱ्या आहेत, पण २०१८ पासून रुळांवरून वर नेणारी फनिक्युलर ट्रॉली आहे, आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न सुटतो. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, डिसेंबरात तसं नसतं. घाटाची धाकधूक वाटत असेल तर गाडी नांदुरीला लावून एसटीने वर जा. त्यात कमीपणा नाही.

तिसऱ्या दिवशी भंडारदरा. मुंबई हायवेने घोटीपर्यंत, तिथून डावीकडे. टाकी घोटीलाच भरा. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव ओलांडलं की शेंडी, आणि मग धरण. सेल्फ ड्राइव्हचा खरा आनंद इथे आहे, कारण मनात येईल तिथे थांबता येतं. रतनवाडीच्या अमृतेश्वराला जाणार असाल तर सकाळीच जा. डिसेंबरात सहाला अंधार पडतो आणि त्या रस्त्यांवर दिवे नाहीत, मोबाइलला रेंजही बेभरवशाची.

अंधाराचं आणखी एक. हा उसाचा हंगाम आणि कांद्याचाही. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि मागचा लाल दिवा असलाच तर चिखलाने माखलेला. दिंडोरी, निफाड, सिन्नर, संगमनेर, कुठेही गाठ पडेल. समोरून येणाऱ्याच्या लाइटने डोळे दिपलेले असताना हा ट्रॅक्टर अगदी जवळ गेल्यावर दिसतो. संध्याकाळी सातच्या आत हॉटेलवर पोहोचायचं, एवढं एकच वेळापत्रक मी तुम्हाला लावून देईन. आणि गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरीत जाणार असाल तर गाडी हॉटेलवर ठेवून जा. दारू पिऊन चालवल्याचा पहिला दंडच १०,००० रुपयांचा, शिवाय तेव्हा काळ्या प्लेटचा विमाही हात वर करतो.

राहिली शिर्डी. तिसऱ्या दिवशी रात्री गाडी परत करून मोकळे व्हा. चौथ्या दिवशी गाडी ठेवलीत तर शिर्डी करून ती द्यायला पुन्हा नव्वदेक किलोमीटर नाशिकला यावं लागेल, आणि तुमचं तोंड तर नागपूरकडे. त्यापेक्षा ड्रायव्हरसकट एकेरी टॅक्सी करा: सकाळी सिन्नरमार्गे शिर्डी, दर्शन, मग कोपरगाव-येवला करत मनमाड, आणि तिथून नागपूरची रेल्वे. रिझर्व्हेशन मनमाडहून करा. शिर्डी ते मनमाड साठेक किलोमीटर आहे, पण ट्रकांची गर्दी आणि रस्त्याची अवस्था बघता दोन तास हाताशी ठेवा. येवल्यात पैठणीच्या दुकानासमोर आईंनी गाडी थांबवली तर चार.