मारुती सुझुकीच्या जिम्नीला २३५/७५ आर १५ टायर (२३५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, १५ इंची रिम) बसतील का? लिफ्ट न करता, म्हणजे सस्पेन्शन उंच न करता?

बसतात, पण घासतात. स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि त्याच वेळी सस्पेन्शन दाबलं गेलं की टायर बंपरच्या कडेला किंवा आतल्या प्लास्टिक लायनरला लागतो. गॅरेजमध्ये सपाट फरशीवर सगळं ठीक दिसतं. खरी परीक्षा एक पुढचं चाक उंच दगडावर चढवून, स्टिअरिंगला दोन्ही बाजूंना फुल लॉक मारून (शेवटपर्यंत वळवून) घ्यायची.

मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास साधारण ६९३ मिमी. २३५/७५ चा ७३३. म्हणजे ४० मिमी वाढ, पण ॲक्सल वर जातो त्याच्या निम्माच, २० मिमी. स्पीडोमीटर मूळ टायरच्या हिशोबाने ८० दाखवेल तेव्हा गाडी खरी ८५ च्या आसपास असेल. चाक मोठं झाल्याने गिअरिंग लांबतं, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ कमी पडते, त्यामुळे दीड लिटरचं इंजिन घाटात दमतं, सारखं खालच्या गिअरला यावं लागतं. ब्रेकवरही ताण येतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा बोलत नाहीत. कंपनीची रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५/७५ ला किमान सहा इंची लागते. म्हणजे रिमचाही खर्च आला. शिवाय तेवढंच जड स्टेपनी मागच्या दारावर लटकणार, बिजागऱ्या बघा.

माझं मत विचाराल तर २१५/७५ आर १५ चे ऑल टेरेन (पक्क्या-कच्च्या दोन्ही रस्त्यांचे) टायर घ्या. त्याच रिमवर, लिफ्टशिवाय बसतात, व्यास जेमतेम दीड टक्का वाढतो. टायरचं माप बदलण्याआधी इन्शुरन्सवाल्यांना विचारून घ्या, तेही लेखी.